थेंबाचा हिशेब : इन्शुलिन पंप लावण्यापूर्वीची तयारी

पाण्याचा एक थेंब म्हणजे नेमके किती पाणी? खोकल्याच्या औषधाबरोबर ५ मिलिलिटरचे मापाचे टोपण मिळते. त्यात ड्रॉपरने एकेक थेंब पाणी सोडा आणि मोजत राहा. शंभराच्या आसपास थेंब झाले की टोपण भरेल. म्हणजे एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा झाला. मिलिलिटरच्या हजाराव्या भागाला मायक्रोलिटर म्हणतात. त्या मापाने एक थेंब ५० मायक्रोलिटर.

आता दुसरा हिशेब करू. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगात चार लिटर रक्त धरले, तर साऱ्या रक्तात मिळून साखर भरते अवघी तीन-चार ग्रॅम. चहाचा एक लहान चमचा! ती फार वाढली तरी माणूस आजारी पडतो आणि फार घटली तर बेशुद्ध होतो.

या चमचाभर साखरेचा आणि त्या एका थेंबाचा जवळचा संबंध आहे. तो जोडणारे यंत्र म्हणजे इन्शुलिन पंप. हे यंत्र विकत आणून कमरेला लावले की काम संपले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते लावण्याआधी कित्येक आठवडे तयारी करावी लागते. ती तयारी कशाची, हे आज आपण पाहू या.

स्वादुपिंडाचे दुहेरी काम

आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. रक्तातील साखर स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत शिरावी, यकृताने गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडू नये, ही कामे इन्शुलिनमुळे होतात. स्वादुपिंड ते दोन प्रकारे सोडते. रात्रंदिवस एक बारीक धार चालू असते, आणि जेवलो की वर एक मोठा हप्ता सुटतो. डॉक्टर पहिलीला बेसल म्हणतात आणि दुसऱ्याला बोलस.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच बीटा पेशी नष्ट करते. हा आजार बहुधा लहान किंवा तरुण वयात उद्भवतो. गोड जास्त खाल्ल्याने तो होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. अशा मुलाला इन्शुलिन बाहेरून द्यावेच लागते. कॅनडातील टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचण्यात आले आणि तो वाचला. त्यापूर्वी या आजाराची मुले फार तर एक-दोन वर्षे काढत.

टोचून दिलेले इन्शुलिन मात्र दिवसातून तीन-चार वेळा एकदम अंगात जाते. ती बारीक धार हुबेहूब साधत नाही. मग धारच का देऊ नये? लॉस एंजेलिसमधील डॉ. आर्नोल्ड कॅडिश यांनी १९६३ च्या सुमारास असे यंत्र केले, पण ते पाठीवरच्या पिशवीएवढे मोठे होते. लंडनच्या गायज रुग्णालयातील जॉन पिकप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लहान पंपाने त्वचेखाली संथपणे इन्शुलिन देऊन रक्तशर्करा आटोक्यात ठेवता येते, हे दाखवून दिले. आजचा पंप खिशात मावतो.

बोल्ट, नट आणि केसाहून बारीक पाऊल

पंपाच्या पोटात मुळात काय असते? एक पिचकारी, तिचा दट्ट्या ढकलणारा स्क्रू आणि स्क्रू फिरवणारी छोटी मोटर. काही पंपांत रचना थोडी निराळी असते, पण तत्त्व समजायला ही पुरे.

लोखंडी सामानाच्या दुकानातून ६ मिलिमीटर जाडीचा एक साधा बोल्ट आणि त्याचा नट आणा. नटाला बरोबर दहा फेरे द्या आणि तो किती सरकला ते पट्टीने मोजा. १० मिलिमीटर! म्हणजे एका फेऱ्याला १ मिलिमीटर. आता असा स्क्रू एका पिचकारीच्या दट्ट्याला जोडला आहे आणि पिचकारीच्या आतल्या पोकळीचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर आहे, असे समजू. स्क्रूचा एक फेरा झाला की ०.१ घन सेंटिमीटर, म्हणजे १०० मायक्रोलिटर द्रव बाहेर येईल.

पंपात भरण्याचे इन्शुलिन ‘यू-१००’ या तीव्रतेचे असते. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये १०० युनिटे असतात, म्हणून १ युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर. आपल्या स्क्रूचा एक फेरा १० युनिटांचा झाला. कित्येक पंप ०.०५ युनिटाइतकी लहान मात्रा देऊ शकतात. त्यासाठी स्क्रू फेऱ्याच्या दोनशेव्या भागाइतका, म्हणजे १.८ अंश फिरायला हवा. गंमत पाहा, बाजारात मिळणाऱ्या साध्या ‘स्टेपर’ मोटरचे एक पाऊल नेमके १.८ अंशांचे असते! तेवढ्या फिरण्याने दट्ट्या सरकतो ५ मायक्रोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रोमीटर असते.

आता डहाणू किंवा तलासरीच्या एखाद्या शाळेत नववीत शिकणारी एक विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणा. तिला दिवसाला एकूण ३६ युनिटे इन्शुलिन लागते आणि त्यातली धार डॉक्टरांनी ताशी ०.६ युनिट ठरवली आहे, असे धरू. ताशी ०.६ युनिट म्हणजे ६ मायक्रोलिटर. एक थेंब अंगात जायला आठ तासांहून जास्त वेळ!

आणि तोच थेंब एकदम गेला तर? त्यात ५ युनिटे असतात. १८०० ला रोजच्या एकूण युनिटांनी भागले, तर १ युनिटाने साखर किती मिलिग्रॅमने उतरेल याचा ढोबळ अंदाज मिळतो. या मुलीसाठी तो ५० येतो. पाच युनिटांनी साखर अडीचशेने उतरेल. रक्तात १२० असताना असे घडले तर तिचा जीव धोक्यात येईल. एका थेंबाची चूक इतकी महाग पडते. म्हणून तयारीतला प्रत्येक धडा हा मोजण्याचा धडा आहे.

पहिली तयारी : वही आणि तराजू

पंपाला धार सोडता येते, पण ताटात काय वाढले आहे हे त्याला दिसत नाही. काही नवे पंप त्वचेखालच्या संवेदकाशी जोडलेले असतात आणि साखर पाहून धार आपोआप कमीजास्त करतात. त्यांनाही जेवणातले पिष्टमय पदार्थ किती, हे बहुधा सांगावेच लागते. म्हणून पंप येण्याआधी काही आठवडे वही ठेवायची. किती वाजता काय खाल्ले, किती इन्शुलिन घेतले, जेवणाआधी आणि नंतर, झोपताना आणि अधूनमधून पहाटे तीनला साखर किती होती, हे सारे त्या वहीत लिहायचे. धार कोणत्या तासाला वाढवावी आणि कोणत्या तासाला उतरवावी, हे डॉक्टर या वहीवरूनच ठरवतात.

वहीच्या जोडीला स्वयंपाकघरातला तराजू हवा. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. नागलीच्या १०० ग्रॅम पिठात ते सुमारे ७० ग्रॅम असतात, म्हणून भाकरी करण्याआधी पीठ तोलले की काम सोपे होते. आणि घोलवडचा चिकू? चिकूच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २० ग्रॅम शर्करा आणि पिष्ट मिळून असते.

५०० ला रोजच्या युनिटांनी भागले की १ युनिट किती ग्रॅम पिष्टमय पदार्थांना पुरते याचा अंदाज येतो. आपल्या विद्यार्थिनीसाठी तो सुमारे १४ ग्रॅम. तिने २०० ग्रॅम गराचे चिकू खाल्ले तर ४० भागिले १४, म्हणजे जवळजवळ ३ युनिटे लागतील. चिकूच्या वाडीत राहून चिकू कायमचा सोडण्याची गरज नाही. तोलून, मोजून खायला मात्र हवा. हे दोन्ही भागाकार केवळ आरंभीच्या अंदाजासाठी आहेत. प्रत्येकाचे खरे आकडे डॉक्टर तपासून ठरवतात, हे विसरू नका.

दुसरी तयारी : यू-४० की यू-१००?

आपल्या देशात इन्शुलिनच्या बऱ्याच कुप्या ‘यू-४०’ तीव्रतेच्या असतात. त्यांच्या १ मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असतात. म्हणजे १ युनिटाचे घनफळ २५ मायक्रोलिटर. पंप मात्र यू-१०० धरून चालतो. त्याला तीव्रता कळत नाही, फक्त घनफळ कळते. घाईत कोणी यू-४० भरले, तर पंप ‘१ युनिट’ म्हणून १० मायक्रोलिटर ढकलेल आणि अंगात जाईल फक्त ०.४ युनिट. यंत्र बिनचूक चालले आहे आणि साखर मात्र चढते आहे, असा प्रकार होईल.

उलटी चूक याहून भयंकर. पंप बंद पडला आणि यू-१०० इन्शुलिन यू-४० च्या सिरिंजने घेतले, तर तिच्यावरची १ युनिटाची खूण २५ मायक्रोलिटरची असते. म्हणजे अडीच पट डोस! म्हणून घरात पंपाबरोबर यू-१०० च्याच सिरिंजा ठेवायच्या. ओळखीची खूण सोपी आहे : यू-४० च्या सुईचे टोपण लाल असते, यू-१०० चे नारिंगी. तरी छापलेला आकडा वाचल्याशिवाय सिरिंज उघडायची नाही. गावातल्या औषधाच्या दुकानात यू-१०० चे त्वरित काम करणारे इन्शुलिन नेहमी मिळते की मागवावे लागते, याचीही चौकशी आधीच करून ठेवावी.

तिसरी तयारी : उष्मा, दमट हवा आणि बुडबुडे

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. वापरात असलेली कुपी साधारणपणे ३० अंशांच्या आत चार आठवडे चालते. पंपात भरलेले इन्शुलिन ३७ अंशांच्या वर तापले तर ते टाकून द्यावे लागते. ते गोठले तरी निरुपयोगी होते, म्हणून कुपी बर्फाला लावून ठेवायची नाही.

फ्रिज नसेल किंवा वीज गेली असेल तर पुष्कळ जण कुपी मातीच्या मडक्यात ठेवतात. मडके किती गार करील? तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला की तो जिथवर उतरतो, त्याच्याखाली मडके जाऊ शकत नाही. हवेचे तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असलेल्या विदर्भातल्या कोरड्या दुपारी ही मर्यादा सुमारे २३ अंशांवर येते. डहाणूच्या किनाऱ्यावर तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर ती ३० अंशांवरच थांबते! हवा कमी तापलेली असूनही मडके कमी गार होते, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. तलासरीकडे, समुद्रापासून आत, उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी मडके अधिक चांगले काम देईल. पावसाळ्यात दोन्हीकडे सारखीच अडचण. म्हणून मडक्यात एक तापमापक ठेवून आठवडाभर नोंदी कराव्यात. आपल्या घरातले मडके किती गार होते, हे अंदाजाने नव्हे, मोजून ठरवायचे.

उष्म्याचा दुसरा खेळ बुडबुड्यांचा. फ्रिजमधल्या पाण्याचा पेला बाहेर ठेवला की थोड्या वेळाने आतल्या बाजूला बारीक बुडबुडे दिसतात. गार पाण्यात हवा जास्त विरघळते आणि पाणी तापले की ती बाहेर पडते. ४ अंशांचे पाणी ३४ अंशांवर आणले तर दर लिटरमागे सुमारे १० मिलिलिटर हवा सुटू शकते. पंपातल्या २ मिलिलिटर इन्शुलिनला हाच हिशेब लावा : २० मायक्रोलिटर. म्हणजे २ युनिटांची जागा हवेने अडवली. हवा अंगात गेल्याने इथे फारसा अपाय होत नाही, पण तेवढे इन्शुलिन अंगात जात नाही. म्हणून कुपी फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच पंपाची पिचकारी भरावी आणि टिचकी मारून बुडबुडे वर काढून टाकावेत.

घामाचाही विचार हवा. पंपाची नळी पोटावर किंवा मांडीवर बारीक लवचीक नलिकेने त्वचेखाली पोचते आणि वर चिकटपट्टी असते. दमट हवेत पट्टी सुटते. दर दोन-तीन दिवसांनी नलिका बदलून जागाही बदलावी लागते. एकाच जागी ठेवली तर तिथे गाठ होते आणि इन्शुलिन नीट शोषले जात नाही. काही ठिकाणी डॉक्टर आधी काही दिवस पंपात फक्त मिठाचे निर्जंतुक पाणी भरून तो अंगावर वागवायला देतात आणि त्या काळात नेहमीची इंजेक्शने चालू ठेवतात. शाळा, झोप, खेळ, प्रवास यांत पंप कुठे अडतो, हे अशा रंगीत तालमीत कळते.

चौथी तयारी : पंप बंद पडला तर?

हा सर्वांत महत्त्वाचा धडा. दीर्घकाळ काम करणारे इन्शुलिन त्वचेखाली साठून राहते. पंपावर आल्यावर ते थांबवतात आणि पंपात फक्त त्वरित काम करणारे इन्शुलिन असते. त्याचा प्रभाव तीन ते पाच तासांत ओसरतो. म्हणजे शरीरात शिल्लक साठा जवळजवळ नाही. नळी मुडपली, नलिका निघाली किंवा मोटर थांबली, तर काही तासांत रक्तात किटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये वाढू लागतात. पुढे उलट्या, पोटदुखी, जलद श्वास आणि बेशुद्धी अशी अवस्था येते. ती जीवघेणी असते.

‘पण पंप शिट्टी वाजवतो ना?’ असे तुम्ही म्हणाल. वाजवतो, पण नेहमी वेळेवर नाही. नळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि ठराविक दाबाला शिट्टी होते. आपल्या विद्यार्थिनीच्या पंपातून ताशी फक्त ६ मायक्रोलिटर सुटतात. नळी रबरासारखी थोडी फुगते, बुडबुडे असले तर ते दबतात आणि दाब वाढायला कित्येक तास लागू शकतात. नलिका त्वचेबाहेर येऊन इन्शुलिन कपड्यांवर गळत असेल तर दाब वाढणारच नाही! खरी शिट्टी रक्ततपासणीचीच.

म्हणून हा क्रम आधीच पाठ करून ठेवतात. साखर २५० च्या वर गेली आणि पंपाने दिलेल्या जादा मात्रेने दोन तासांत उतरली नाही, तर पंपावर विसंबायचे नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा सिरिंजने घ्यायची, नळी आणि नलिका बदलायची, किटोन तपासायचे. उलट्या सुरू झाल्या तर रुग्णालय गाठायचे.

इथे गावाचा नकाशा कामाला येतो. डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आहे आणि तलासरीला ग्रामीण रुग्णालय. पंपाचे तज्ज्ञ मात्र बहुधा मोठ्या शहरांत असतात. डहाणू रोडहून चर्चगेट रेल्वेने सुमारे सव्वाशे किलोमीटर, आणि तलासरी गावाला तर रेल्वे स्थानकच नाही. रात्री दोनला कोणाला फोन करायचा, कोणत्या वाहनाने जायचे, हे दिवसाउजेडी ठरवून कागदावर लिहिलेले असावे. पंपाचे सर्व आकडेही त्याच कागदावर हवेत. यंत्र बिघडले की त्याच्या पोटातले आकडेही गेले.

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसू लागले आणि लोकांनी घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या. अशा वेळी कपाट उघडायला कोण थांबणार? दाराजवळ एक पिशवी कायम टांगलेली हवी. तीत यू-१०० सिरिंजा, पंपाचे सेल, एक जादा नळीसंच, रक्त तपासण्याचे यंत्र व पट्ट्या, साखर आणि तो कागद ठेवायचा. इन्शुलिनची जादा कुपी फ्रिजमध्ये किंवा मडक्यात नेमकी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

वर्गमित्रांचे आणि शिक्षकांचे काम

साखर ७० च्या खाली उतरली की हात थरथरतात, घाम येतो, बोलणे असंबद्ध होते. मुलगी तासाला चिडली किंवा गप्प झाली तर तो हट्ट नसेल, साखर उतरली असेल. अशा वेळी १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. तिला एकटीला घरी पाठवू नये. ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. पंपाची शिट्टी वाजली म्हणून तिला वर्गाबाहेर काढू नये आणि परीक्षेत पंप मोबाइल समजून काढून घेऊ नये. शिक्षकांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

पंप परवडला नाही तर?

पंपाची किंमत लाखांच्या घरात असते आणि नळ्या, पिचकाऱ्या व तपासणीच्या पट्ट्या यांचा खर्च दरमहा चालू राहतो. अनेक घरांना तो झेपणार नाही, हे उघड आहे. पण वर सांगितलेल्या तयारीकडे पुन्हा एकदा पाहा. वही, तराजू, यू-४० आणि यू-१०० मधला फरक, मडक्यातला तापमापक, दारातली पिशवी. यातल्या कशाला पंप लागतो? दिवसातून चार इंजेक्शने घेणाऱ्या मुलालाही ही प्रत्येक गोष्ट तितकीच उपयोगी आहे. आणि ही तयारी न करता पंप लावला, तर महागडे यंत्र चुकीचा आकडा अगदी अचूकपणे अंगात सोडत राहील. पंप उद्या येवो, पाच वर्षांनी येवो किंवा न येवो, वही आजपासून सुरू करता येते.

सोडवून पाहा

नळी ६० सेंटिमीटर लांब आहे आणि तिच्या पोकळीचा व्यास ०.४ मिलिमीटर आहे असे समजा. ती रिकामी नळी भरायला यू-१०० इन्शुलिनची किती युनिटे लागतील? आपल्या विद्यार्थिनीने नळी आधी न भरता तशीच जोडली आणि पंप ताशी ०.६ युनिटाच्या धारेवर ठेवला, तर इन्शुलिनचा पहिला कण तिच्या अंगात पोचायला किती तास लागतील? उत्तर काढा, आणि मग चौथी तयारी पुन्हा एकदा वाचा.